निर्वाणीचा खलिता आणि रेल्वेचे वेळापत्रक: सर्बियावरची स्वारी युरोपभर कशी पसरली

ऑस्ट्रिया-हंगेरीने २८ जुलै १९१४ रोजी सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले. एका बाजूला पाच कोटींवर लोकसंख्येचे साम्राज्य, दुसऱ्या बाजूला सुमारे ४५ लाखांचा, लागोपाठच्या दोन बाल्कन युद्धांनी थकलेला देश. डोईजड झालेल्या शेजाऱ्याला वठणीवर आणायचे, एवढाच व्हिएन्नाचा, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारचा, बेत होता. पण ४ ऑगस्टची रात्र उलटेपर्यंत जर्मनी, रशिया, फ्रान्स, बेल्जियम आणि ब्रिटन हे सगळे युद्धात ओढले गेले होते. आणि ज्याने आग लावली त्या ऑस्ट्रियाचे पायदळ तोवर सर्बियाच्या हद्दीत शिरलेदेखील नव्हते. ते शिरले १२ ऑगस्टला.

हा उलटा क्रम नीट पाहिला पाहिजे. मोठे युद्ध, म्हणजे पहिले महायुद्ध, आधी पेटले आणि ज्या छोट्या युद्धासाठी सारा खटाटोप चालला होता ते मागाहून सुरू झाले. असे का झाले याचे उत्तर राजांच्या स्वभावात थोडे आणि फौजांच्या जमवाजमवीच्या वेळापत्रकांत बरेच सापडते. म्हणून इथे सारायेव्होच्या खुनापेक्षा रेल्वेगाड्यांवर जास्त लिहिले आहे.

तक्रार खोटी नव्हती

२८ जून १९१४ रोजी बोस्नियाची राजधानी सारायेव्हो इथे ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नी सोफी यांचा गाव्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या बोस्नियन सर्ब तरुणाने गोळ्या घालून खून केला. कटवाल्यांची पिस्तुले आणि बॉम्ब सर्बियातून आले होते. सीमेवरच्या सर्बियन अधिकाऱ्यांनी त्यांना पलीकडे पोचवले होते. या सगळ्यामागे सर्बियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख कर्नल द्रागुतिन दिमित्रीयेविच होता. व्हिएन्नाच्या हाती मात्र तेव्हा अर्धवटच दुवे होते. तपासासाठी सारायेव्होला पाठवलेल्या विस्नर या अधिकाऱ्याने १३ जुलैला कळवले, की सर्बियन सरकारचा या कटात हात असल्याचा पुरावा मिळत नाही. म्हणजे तक्रारीला आधार होता, पण ती अख्ख्या सरकारवर चिकटवता येत नव्हती. चढाई करणाऱ्या देशाच्या बाजूने थोडे तरी सत्य असले की असे प्रकरण अधिक धोक्याचे होते. कारण मग त्याला आपल्या प्रत्येक पावलाचे समर्थन सापडत जाते.

मागच्या वेळी जमले होते

व्हिएन्नाचा हिशेब आधीच्या दोन प्रसंगांवर बेतलेला होता. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया-हर्झेगोव्हिना खालसा केला. सर्बिया खवळला, रशियाने त्याची बाजू घेतली, पण मार्च १९०९ मध्ये जर्मनीने डोळे वटारताच रशियाला माघार घ्यावी लागली. जपानकडून १९०५ मध्ये खाल्लेल्या मारातून त्याचे सैन्य तेव्हा सावरलेले नव्हते. पुढे ऑक्टोबर १९१३ मध्ये सर्बियाने अल्बानियातून सैन्य काढून घ्यावे म्हणून ऑस्ट्रियाने आठ दिवसांची मुदत देणारा खलिता धाडला, आणि सर्बियाने निमूटपणे सैन्य हलवले.

यातून व्हिएन्नाने धडा घेतला, की खलिता कडक असला की काम होते. सेंट पीटर्सबर्गने, म्हणजे तेव्हाच्या रशियन राजधानीने, घेतलेला धडा नेमका उलटा होता: पुन्हा अशी नामुष्की पत्करायची नाही. एकाच घटनेतून दोन्ही बाजू परस्परविरुद्ध शहाणपण शिकल्या आणि ते एकमेकांना कळले नाही. १९१४ चा रशिया १९०९ चा राहिलेला नाही, फ्रेंच कर्जातून त्याचे रेल्वेमार्ग आणि फौज दोन्ही वाढली आहेत, याची नोंद व्हिएन्नात कागदोपत्री होती. ती निर्णय घेताना कुणी पुढे ओढली नाही.

कोरा चेक आणि सुगीची रजा

५ आणि ६ जुलैला ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री बेर्श्टोल्ड यांचे विश्वासू काउंट होयोस बर्लिनला जाऊन आले. कैसर (जर्मन सम्राट) विल्हेल्म आणि चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बेटमान-होलवेग यांनी ऑस्ट्रिया जे काही करील त्याला पाठिंबा देऊ, असे सांगितले. यालाच पुढे ‘कोरा चेक’ म्हटले गेले. मात्र बर्लिनची अपेक्षा ठरलेली होती: जे करायचे ते झटपट करा. युवराजाच्या खुनाने युरोप हळहळत आहे तोवर सर्बियाची राजधानी बेलग्रेड ताब्यात घ्या आणि मग बोलणी करा. एव्हाना पार पडलेल्या गोष्टीवर रशिया लढाईला उभा राहणार नाही, असा तो तर्क होता.

हा तर्क चूक की बरोबर ते कधी तपासलेच गेले नाही, कारण ऑस्ट्रियाला झटपट काही करता येत नव्हते. हंगेरीचे पंतप्रधान काउंट तिसा यांचा युद्धाला विरोध होता, तो मावळायला १४ जुलै उजाडला. सरसेनापती कॉनराड यांना असे दिसले, की अनेक कोअरमधले (कोअर म्हणजे फौजेचा काही डिव्हिजनचा मोठा विभाग) सैनिक सुगीच्या रजेवर घरी गेले आहेत आणि ते २५ जुलैच्या सुमारास परततील. त्यांना मध्येच बोलावले असते तर पिकाचे नुकसान, रेल्वेचा गोंधळ आणि बेत उघडा, असे तिन्ही झाले असते. त्यातच फ्रान्सचे अध्यक्ष प्वांकारे २० ते २३ जुलै रशियाच्या दौऱ्यावर होते. ते सेंट पीटर्सबर्गमध्ये असताना खलिता गेला तर दोन्ही दोस्त तिथल्या तिथे एकत्र बसून उत्तर ठरवतील, ही भीती. म्हणून त्यांची बोट सुटेपर्यंत थांबायचे ठरले. बोट सुटण्याची वेळ पुढे आहे असे कळल्यावर खलिता देण्याची वेळही पाचवरून सहावर नेली गेली.

या साडेतीन आठवड्यांत सहानुभूती ओसरली. खुनाच्या दुसऱ्या आठवड्यात जी कारवाई सूड म्हणून अनेकांनी समजून घेतली असती, तीच जुलैअखेर थंड डोक्याने रचलेली चढाई दिसू लागली. आमच्या मते सगळ्या प्रकरणातली निर्णायक चूक ती हीच. दुबळ्या शेजाऱ्यावरची स्वारी मर्यादित ठेवायची तर ती त्याच्या पाठीराख्याला जाग येण्याआधी संपवावी लागते. ज्याच्या फौजेला जमायलाच दोन-अडीच आठवडे लागतात त्याने असा बेत आखणे म्हणजे आपल्या सैन्याची कुवतच विसरणे होते.

४८ तास

२३ जुलैला संध्याकाळी सहा वाजता ऑस्ट्रियाचे राजदूत बॅरन गीझल यांनी बेलग्रेडमध्ये खलिता दिला. पंतप्रधान निकोला पाशिच निवडणूक प्रचारासाठी बाहेरगावी होते, म्हणून तो अर्थमंत्री लाझार पाचू यांच्या हाती पडला. मागण्या दहा, मुदत ४८ तास. ऑस्ट्रियाविरोधी मजकूर बंद करा, संघटना मोडून काढा, नावे देऊ त्या अधिकाऱ्यांना बडतर्फ करा, इथवरचे गिळता येण्यासारखे होते. घोडे अडले ते पाचव्या आणि सहाव्या कलमावर. बंडखोर चळवळ मोडण्याच्या कामात आणि खुनाच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी सर्बियाच्या भूमीवर भाग घेतील, असे त्यांत म्हटले होते. खलिता मान्य होऊ नये अशाच बेताने तो लिहिला गेला होता, हे व्हिएन्नातल्या बैठकांच्या इतिवृत्तांवरून स्पष्ट आहे.

२५ जुलैला सर्बियाने दुपारीच जमवाजमवीचा हुकूम काढला आणि मग उत्तराची शेवटची प्रत तयार केली. टाइपरायटर बिघडल्याने ती हाताने लिहावी लागली, त्यात खाडाखोडही राहिली. सहाला पाच मिनिटे कमी असताना पाशिच स्वतः ती घेऊन गीझल यांच्याकडे गेले. बहुतेक कलमे मान्य होती, काहींत शब्दांच्या पळवाटा होत्या, आणि तपासात परकीयांना घेण्याचे सहावे कलम नाकारले होते. वाद राहिल्यास हेगच्या लवादाकडे किंवा बड्या राष्ट्रांकडे न्यावा, अशीही तयारी दाखवली होती. गीझल यांनी कागदावरून नजर फिरवली. संबंध तोडल्याचे पत्र त्यांनी आधीच तयार करून ठेवले होते, सांकेतिक लिपीची पुस्तके जाळून झाली होती, सामान बांधलेले होते. साडेसहाच्या गाडीने दूतावासाची सगळी मंडळी निघाली आणि काही मिनिटांत सावा नदी ओलांडून पलीकडे, ऑस्ट्रियाच्या हद्दीतल्या झेमुनला पोचली.

युद्धाची घोषणा करण्याची बेर्श्टोल्ड यांना घाई झाली, तीही लष्करी कारणाने नव्हे. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी २६ जुलैला चार राष्ट्रांची परिषद सुचवली होती. मध्यस्थी गळ्यात पडण्याआधी दार बंद करायचे होते. कॉनराड यांनी १२ ऑगस्टपर्यंत फौज हलणार नाही असे स्पष्ट सांगितले, तरी २८ जुलैला घोषणा झाली. ती साध्या तारेने, फ्रेंच भाषेत, बुखारेस्टमार्गे निश शहरी पाठवली गेली. तार बनावट तर नाही ना, अशी शंका पाशिच यांना आली आणि त्यांनी इतर राजधान्यांकडे खात्री करून घेतली. त्याच रात्री डॅन्यूबवरच्या ‘बोड्रॉग’ आणि इतर तोफनौकांनी बेलग्रेडवर गोळे टाकले. या गोळीबाराने लष्करी फायदा काहीच झाला नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये मात्र युद्ध सुरू झाले अशी खात्री पटली.

तेवढ्यात एक संधी हुकली. नॉर्वेच्या सफरीवरून परतलेल्या कैसरने २८ जुलैच्या सकाळी सर्बियाचे उत्तर वाचले आणि युद्धाचे कारणच उरले नाही असा शेरा मारला. ऑस्ट्रियाने फक्त बेलग्रेड धरून थांबावे, असे त्याने सुचवले. चॅन्सेलरने ते व्हिएन्नाला पोचवले रात्री, आणि तेही पातळ करून. तोवर तार गेली होती.

जमवाजमव करायची म्हणजे काय करायचे

पुढचे पाच दिवस समजायला हे यंत्र उघडून पाहावे लागते. शांततेच्या काळात फौजेचा थोडाच भाग बराकीत असतो. हुकूम निघाला की तारा लष्करी विभागांना जातात, गावोगाव नोटिसा लागतात, राखीव सैनिक नेमून दिलेल्या डेपोत हजर होतात. तिथे गणवेश, बूट, बंदूक मिळते. त्याच वेळी शेतकऱ्यांचे घोडे ताब्यात घेऊन तपासले जातात, कारण तोफा आणि रसद घोड्यांवरच चालते. मग सारे रेल्वेत चढते. एका जर्मन कोअरला सुमारे १४० गाड्या लागत. कोणती गाडी कुठून किती वाजता सुटेल, इंजिन पाणी कुठे घेईल, माणसे कुठे जेवतील, घोडे उतरवायला फलाट कुठे आहे, रिकामे डबे कोणत्या मार्गाने परततील, हे सारे वर्षानुवर्षे आखून कुलपात ठेवलेले असे.

असा आराखडा सुरू करता येतो, थांबवताही येतो. मधूनच बदलता मात्र येत नाही. माणसे एका स्थानकावर, त्यांच्या तोफा दुसऱ्यावर आणि घोडे तिसऱ्यावर अडकतात, आणि शत्रू समोर असताना फौज नि:शस्त्र होते. मंत्र्यांना ही गोष्ट ऐन वेळी कळली. १९१४ च्या जुलैतला हा फार मोठा आणि टाळता येण्याजोगा दोष होता.

रशिया: अर्धी जमवाजमव अशक्य

रशियाचे परराष्ट्रमंत्री साझोनोव यांना ऑस्ट्रियाला इशारा द्यायचा होता, जर्मनीला डिवचायचे नव्हते. म्हणून कीव, ओदेसा, मॉस्को आणि कझान या चारच लष्करी विभागांत जमवाजमव करण्याचा विचार निघाला. जर्मनीला लागून असलेला वॉर्सा विभाग वगळायचा. कागदावर ही कल्पना समंजस वाटते. पण वॉर्सा विभाग ऑस्ट्रियालाही लागून होता. शिवाय एका विभागाचे राखीव सैनिक दुसऱ्या विभागाच्या तुकड्या भरत होते, आणि फक्त ऑस्ट्रियाविरुद्धचा असा तयार आराखडाच नव्हता. जनरल दानिलोव यांनी बजावले, की आधी अर्धी केली तर नंतरची पूर्ण जमवाजमव कोलमडेल.

२९ जुलैला झारने पूर्ण जमवाजमवीच्या हुकमावर सही केली. रात्री जमवाजमव विभागाचे प्रमुख दोब्रोरोल्स्की सेंट पीटर्सबर्गच्या मुख्य तारघरात उभे होते, तारयंत्रे मोकळी करून ठेवली होती, आणि पहिली तार सुटण्याआधी हुकूम आला: थांबा. कैसरची समेटाची तार आल्याने झार डगमगला होता. ३० जुलैला दुपारी साझोनोव यांनी तासभर समजावून सांगितल्यावर त्याने पुन्हा होकार दिला. आता पुन्हा विचार बदलू नये म्हणून सेनाप्रमुख यानुश्केविच यांनी आपला टेलिफोन मोडून टाकण्याची भाषा केली होती.

जर्मनी: जमवाजमव हीच चढाई

इतर राष्ट्रांची फौज जमून सीमेवर आठवडे बसू शकत होती. फ्रान्सने तर ३० जुलैला आपले सैन्य सीमेपासून दहा किलोमीटर मागे ठेवले. जर्मनीला ही मोकळीक नव्हती. फ्रान्स आणि रशिया एकमेकांचे दोस्त असल्याने दोन आघाड्यांवर लढावे लागणार, रशिया सावकाश जमणार, म्हणून सहा आठवड्यांत फ्रान्सचा निकाल लावून मग पूर्वेकडे वळायचे, असा त्याचा एकमेव आराखडा होता. आठांपैकी सात सेना पश्चिमेला आणि एकच पूर्वेला. फक्त रशियाविरुद्ध लढण्याचा पर्यायी आराखडा एप्रिल १९१३ पासून अद्ययावत करणेच बंद केले होते.

फ्रान्सवर जायचे तर बेल्जियममधून, आणि बेल्जियममधून जायचे तर लिएजच्या अरुंद वाटेने. तिथे मझ नदीवर पूल, चार रेल्वेमार्गांचा संगम आणि शहराभोवती बारा किल्ले होते. ते लगेच हाती आले नाहीत तर मागून येणाऱ्या दोन सेना खोळंबणार. म्हणून जमवाजमव पुरी होण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत लिएजवर झडप घालायची, असे ठरलेले होते. चॅन्सेलरला ही बाब अगदी शेवटी समजली. रशियाने हुकूम काढल्याचे ३१ जुलैला कळताच बर्लिनसाठी प्रत्येक तास मोलाचा झाला: रशियाला १२ तासांचा निर्वाणीचा खलिता, फ्रान्सला १८ तासांचा.

१ ऑगस्टची संध्याकाळ या सगळ्याचा कळस आहे. जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच सुमारास लंडनहून राजदूत लिख्नोव्स्की यांची तार आली, की फ्रान्सवर हल्ला झाला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील असे दिसते. कैसर हरखला आणि सेनाप्रमुख मोल्टके यांना म्हणाला, मग सगळी फौज पूर्वेकडे न्या. मोल्टके यांनी उत्तर दिले, की हे होणार नाही. लाखोंचे सैन्य ऐन वेळी फिरवता येत नाही. कैसरने लक्झेंबर्गकडे निघालेल्या डिव्हिजनला थांबवण्याचा हुकूम सोडला, पण पहिली तुकडी एक रेल्वे स्थानक ताब्यात घेऊनही बसली होती. ती परत फिरवली गेली. रात्री अकराच्या सुमारास तो निरोप गैरसमजातला होता हे उघड झाले आणि मोल्टके यांना मोकळा हात मिळाला.

२ ऑगस्टला संध्याकाळी बेल्जियमला १२ तासांची मुदत. राजा आल्बेरच्या सरकारने सकाळी नकार दिला. बेल्जियमच्या तटस्थतेला १८३९ च्या लंडन कराराने ब्रिटनसह बड्या राष्ट्रांची हमी होती. सर्बियासाठी लढायला ब्रिटिश मंत्रिमंडळ तयार नव्हते, फ्रान्ससाठी ते दुभंगलेले होते. बेल्जियमवर मात्र बहुतेक सगळे एक झाले. काट्याचा नायटा झाला तो असा: एका दुबळ्या शेजाऱ्यावरच्या स्वारीसाठी दुसऱ्या, काहीही संबंध नसलेल्या दुबळ्या देशावर स्वारी करावी लागली.

बी-गटाचे हेलपाटे

मूळ कामाचे काय झाले? ऑस्ट्रियाने फौजेचे तीन भाग आखले होते. एक रशियासाठी गॅलिसिया या ईशान्येकडच्या सरहद्द प्रांतात, एक छोटा भाग सर्बियासमोर, आणि सुमारे १२ डिव्हिजनचा बी-गट जिथे गरज पडेल तिथे. रशिया उठला तर बी-गट उत्तरेला, नाही तर दक्षिणेला. कॉनराड यांनी तो दक्षिणेला रवाना केला. ३१ जुलैला रशियाची जमवाजमव पक्की झाल्यावर त्यांनी तो उत्तरेला वळवायला सांगितले. रेल्वे विभागाचे प्रमुख कर्नल श्ट्राउब यांनी सांगितले, की गाड्या वाटेत फिरवल्या तर सारे वेळापत्रक मोडेल. आधी ठरल्या जागी उतरू द्या, मग पुन्हा चढवू.

झालेही तसेच. बी-गटाची दुसरी सेना डॅन्यूब-सावाकाठी उतरली, आणि १८ ऑगस्टपासून तिचा बराचसा भाग पुन्हा गाड्यांत बसून गॅलिसियाकडे निघाला. तिकडे पोचेपर्यंत लढाई हातातून चालली होती. गॅलिसियाची राजधानी लेंबर्ग सप्टेंबरच्या सुरुवातीला रशियाच्या हाती गेली. इकडे सर्बियासमोरचे ऑस्ट्रियन सेनापती पोटिओरेक यांच्या तोकड्या फौजेला त्सेर डोंगराच्या लढाईत पुटनिक यांच्या सर्बियन सैन्याने ड्रिना नदीपलीकडे हाकलले. हेच पुटनिक २५ जुलैला परदेशातल्या आरोग्यधामातून मायदेशी परतताना बुडापेस्टमध्ये ऑस्ट्रियाच्या हाती सापडले होते आणि सम्राट फ्रान्झ जोसेफने त्यांना सन्मानाने सोडून दिले होते.

आगीची व्याप्ती

इटलीला विश्वासात न घेतल्याने त्याने जर्मनी-ऑस्ट्रियाशी असलेला आपला करार बचावापुरता आहे म्हणत अंग काढले, आणि मे १९१५ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच युद्ध पुकारले. जपान २३ ऑगस्ट १९१४ ला उतरला, तुर्कस्तान ऑक्टोबरअखेर. ब्रिटन लढू लागताच हिंदुस्थानला न विचारता तोही युद्धात गेला, आणि तुर्कस्तानमुळे ही आग महाराष्ट्राच्या दारात आली. मुंबईहून निघालेली सहावी पुणे डिव्हिजन ६ नोव्हेंबर १९१४ ला इराणच्या आखाताच्या टोकाला फाव इथे उतरू लागली. तिच्या पहिल्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंड शरण गेले तेव्हा सुमारे १३,००० जण कैदेत पडले. त्यांतले कित्येक वाटेतच उपासमारीने आणि रोगाने मेले. सातारा-रत्नागिरीकडच्या या जवानांचा सारायेव्होशी काडीचा संबंध नव्हता.

सर्बियात ऑस्ट्रियाने तिसऱ्या स्वारीत २ डिसेंबर १९१४ ला बेलग्रेड घेतले, आणि कोलुबारा नदीवरच्या पराभवानंतर १५ डिसेंबरला ते गमावले. त्या वर्षी या एका आघाडीवर साम्राज्याने मृत, जखमी आणि कैदी मिळून दोन लाखांवर सैनिक गमावले. सर्बिया पडला तो ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१५ मध्ये, जर्मन सेनापती माकेन्सेन यांच्या हाताखाली जर्मनी, ऑस्ट्रिया आणि बल्गेरिया या तिघांनी मिळून चढाई केल्यावर.